दोन करवती आणि एक हिशेब

आजचा विषय प्रथमदर्शनी शहरातील घरांना परका वाटण्याचा संभव आहे. शेतात पडलेल्या झाडाच्या फळ्या जागच्या जागी काढावयाच्या असतील, तर साखळीच्या करवतीवर चौकट बसवून त्या काढाव्यात, की पट्ट्याच्या करवतीचे फिरते यंत्र आणावे, असा हा प्रश्न आहे. परंतु सोलापुरात राहणाऱ्या किती कुटुंबांचे मूळ मोहोळ, बार्शी, माढा, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांत आहे, हे आपण जाणताच. नोकरी शहरात असली तरी बांधावरचा कडुनिंब गावीच उभा असतो, आणि वळवाच्या वादळात तो आडवा झाला की निरोप शहरातच येतो. तेव्हा प्रश्न तितकासा परका नाही.

असा निरोप आल्यावर सामान्यतः काय घडते? दोन दिवसांत लाकडाचा व्यापारी दारात येतो. तो झाडाकडे पाहतो आणि सरपणाच्या भावाने सौदा ठरवतो. आजोबांच्या हातचे झाड तासाभरात तुकडे होऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडते आणि एखाद्या वीटभट्टीत किंवा गुऱ्हाळाच्या चुलाणात राख होते. त्याच महिन्यात ते कुटुंब मुलीच्या खोलीसाठी भुसा दाबून केलेल्या पत्र्यांचे कपाट बाजारातून आणते, आणि ते चार पावसाळ्यांत फुगते. ज्या लाकडाला वाळवी सहजासहजी शिवत नाही ते जाळावे आणि जे पाण्याच्या शिंतोड्याने उकलते ते विकत आणावे, हा व्यवहार कोणालाही शहाणपणाचा वाटणार नाही. तरीही तो चालतो. कारण ओंडक्यापासून फळीपर्यंतची वाट आपल्याकडून हरवली आहे.

पूर्वी ही वाट गावातच होती. ओंडका उंच घोडीवर चढवीत किंवा खड्ड्यावर आडवा टाकीत. काव लावलेल्या दोरीने त्यावर सूत मारीत. एक गडी ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली. आणि लांब करवत वरखाली ओढीत दोघे दिवस घालवीत. खालच्या गड्याच्या डोळ्यांत, केसांत सारा भुसा. काम संथ आणि कष्टाचे होते. पण करवत झाडाकडे जात असे, झाडाला करवतीकडे यावे लागत नसे. पुढे शहरांत वाफेवर, मग विजेवर चालणाऱ्या गिरण्या झाल्या आणि हा क्रम उलटला. एकच ओंडका असेल तर तो गाडीत चढवून शहरातील वखारीपर्यंत नेण्याचे भाडे लाकडाच्या किमतीला खाऊन टाकते. म्हणून तो सरपण होतो. आज मी ज्या दोन यंत्रांविषयी बोलणार आहे, ती दोन्ही पूर्वीप्रमाणे करवतीला पुन्हा झाडाकडे नेतात. त्यांचे महत्त्व आहे ते एवढ्याचसाठी.

पहिले यंत्र साखळीच्या करवतीचे. तिला आपले लोक चेनसॉ म्हणतात. हिचा पूर्वज लाकडासाठी जन्मला नव्हता, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन कारागिराने शस्त्रवैद्यांसाठी हाड कापण्याचे एक उपकरण केले. त्यात दातेरी साखळी एका पात्याभोवती हाताने फिरवीत. लाकडासाठी या कल्पनेचा उपयोग पुढे शंभर वर्षांनी झाला. आंद्रेआस श्टील या जर्मन अभियंत्याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बनवली. परंतु तिचे दात फार लवकर बोथट होत. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका खोडात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती अळी सरळ समोर चावत नव्हती. आपल्या जबड्याने डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने लाकूड खरवडत पुढे जात होती. कॉक्सने साखळीचे दात तसेच, एक डावा एक उजवा, असे घडवले. आज जगातील बहुतेक साखळ्या त्याच धर्तीच्या आहेत. एका किड्याकडून माणसाने घेतलेला हा धडा शाळेतील मुलांना अवश्य सांगावा.

या करवतीच्या पात्याला लोखंडाची एक साधी चौकट जोडली की तिची फळ्या काढण्याची गिरणी होते. ओंडक्याच्या पाठीवर एक सरळ शिडी किंवा रंधलेली फळी ठोकून बसवायची. चौकट तिच्यावर टेकवून करवत या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायची. पहिला पृष्ठभाग असा सपाट झाला की पुढच्या प्रत्येक फळीला तोच आधार होतो. ओंडका हलवावा लागत नाही. तो पडला असेल तेथेच, ओढ्यात असो वा विहिरीच्या काठावर, काम होते. सगळे साहित्य एका मोटारसायकलवर मावते.

दुसरे यंत्र पट्ट्याच्या करवतीचे, म्हणजेच बँडसॉचे. दोन चाकांवर ताणून बसवलेला पोलादाचा बिनटोकाचा पट्टा आणि त्याच्या एका कडेला दात, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम न्यूबेरी या इंग्रजाला सुचली. परंतु पट्ट्याची दोन टोके जोडलेला सांधा पुनःपुन्हा तुटे. १८४६ मध्ये क्रेपँ या फ्रेंच बाईंनी टिकाऊ सांधा जोडण्याची पद्धत शोधून काढली. तेव्हा कोठे हे यंत्र व्यवहारात आले. मोठ्या गिरण्यांतील असे पट्टे रुंद आणि जाड असतात. १९८२ मध्ये अमेरिकेत वुड-मायझर या कंपनीने चाकांवर ओढून नेता येणाऱ्या लहान यंत्रांचा धंदा सुरू केला. त्यांत सुमारे सव्वा इंच रुंदीचा पातळ पट्टा असतो. आज भारतातही अशी यंत्रे मिळतात. यात ओंडका रुळांच्या मधल्या पाटावर घट्ट धरलेला असतो आणि करवतीचे डोके रुळांवरून त्याच्यावरून सरकत जाते.

आता या दोहोंची तुलना करू. शिक्षकाची सवय म्हणून मी ती पाटीवरच्या गणिताने करतो.

समजा, आपणापाशी बारा इंच जाडीचा चौरस तासलेला ओंडका आहे आणि त्याच्या एकेक इंच जाडीच्या फळ्या काढावयाच्या आहेत. करवत जेथून जाते तेथील लाकडाचा भुसा होतो. साखळी-करवतीची वाट साधारणतः तीन-अष्टमांश इंच रुंद असते. नऊ फळ्या आणि त्यांमधील आठ वाटा मिळून बरोबर बारा इंच भरतात. म्हणजे फळ्या नऊ. पातळ पट्ट्याची वाट मात्र इंचाचा बारावा भाग, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर धरली, तर अकरा फळ्या आणि त्यांमधील दहा वाटा मिळून बारा इंचांत बसतात आणि थोडी जागा उरतेही. नऊ आणि अकरा! पट्ट्याने ज्या अकरा फळ्या निघतात, त्यांतील दोन साखळी भुसा करून जमिनीवर टाकते. पाचांतला जवळजवळ एक भाग गेला.

वेळेचे गणितही तसेच. साखळीच्या चौकटीवर दोन माणसे कष्टाने दिवसाला आठ-दहा घनफूट फळ्या काढतील. हाताने ढकलण्याच्या लहान पट्टा-यंत्रावर तीच दोन माणसे चाळीस-पन्नास घनफूट काढतील. साखळीच्या फळीला रंधा अधिक मारावा लागतो. पट्ट्याची फळी बरीच गुळगुळीत उतरते. साखळी-करवतीला आडव्या लाकडावर राबवणे निराळे आणि लाकडाच्या रेषेबरोबर उभे चिरणे निराळे. उभ्या चिरण्यासाठी दातांची धार निराळ्या कोनात लावलेली साखळी लागते आणि इंजिनही दांडगे लागते. फांद्या तोडण्याची किरकोळ करवत या कामाला जुंपली, तर ती अल्पावधीत तापून निकामी होते.

येथवर ऐकून कोणीही म्हणेल, मग निवड करायची ती काय! पट्टाच घ्यावा. थांबा, पारड्यात दुसऱ्या बाजूचेही काही टाकावयाचे आहे.

ओंडक्याचे वजन पाहा. तीन फूट व्यासाचा आणि आठ फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे छपन्न घनफूट भरतो आणि त्याचे वजन दीड टनाच्या आसपास जाते. साखळीला तो हलवण्याची गरज नाही. पट्टा-यंत्रावर तो लोटीत, जॅक लावीत चढवावा लागतो. आणि लहान यंत्रात अडीच फुटांपुढील ओंडका मुळात बसतच नाही. आपल्याकडील जुना कडुनिंब किंवा चिंच सरळसोट साग नव्हे. तो वाकडा, दुभंगलेला, गाठींनी भरलेला. अशा खोडाचे साखळीने आधी दोन-चार भाग करावेच लागतात.

खिळ्यांचा प्रश्न तर खास आपला आहे. रस्त्याकडेच्या झाडांवर शिकवण्यांच्या, दवाखान्यांच्या, निवडणुकीच्या पाट्या ठोकलेल्या आपण रोज पाहतो. गावातल्या कडुनिंबाला कोणी गुरांची साखळी अडकवण्यासाठी आकडा मारतो, कोणी कपड्यांची तार बांधतो. झाड वाढते आणि ते लोखंड पोटात घेते. पट्टा अशा एका खिळ्यावर गेला की त्याचे दात ओळीने उडतात. साखळीचेही दात जातात. पण ती कानस लावून पुष्कळदा जागेवर सुधारता येते. पट्ट्याला धार लावणे आणि दात फाकवणे यासाठी निराळे यंत्र आणि निराळा जाणकार लागतो. म्हणून कोणतीही करवत लावण्यापूर्वी धातू ओळखणाऱ्या उपकरणाने ओंडका तपासून घ्यावा, हे उत्तम.

धोक्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. साखळी-करवतीच्या पात्याचे टोक कशावर आदळले तर ती डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. चौकट बसवल्यावर हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. तिचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि धूर सरळ वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. लुंगी, चप्पल आणि डोक्याला उपरणे एवढ्या जामानिम्यावर ही करवत चालवणारे लोक आपण पाहिले असतील. यंत्राच्या किमतीत शिरस्त्राण, डोळ्यांवरची जाळी, कानांवरची झाकणे, जाड बूट आणि पायांची संरक्षक विजार यांची किंमत धरलेली नसेल, तर ते यंत्र आपणांस परवडत नाही असेच समजावे.

आणि शेवटी पैसा. साखळीची चौकट करवतीच्या मानाने किरकोळ किमतीत येते. पट्टा-यंत्राची किंमत मात्र लाखांच्या घरात जाते, आणि ते सामान्यतः कर्जाने येते.

येथेच माझ्या मते या विषयाचे मर्म आहे. यंत्राची किंमत पाहावी, वेग पाहावा, भुसा पाहावा; परंतु त्याआधी त्याचे पोट पाहावे. काही यंत्रे खुंटीला टांगून ठेवली तर वर्षभर काही मागत नाहीत. काही यंत्रे रोज खायला मागतात.

सोलापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. हातमाग घराच्या चालीने चाले. लग्नसराईत चाले, आजारपणात थांबे. यंत्रमाग आला, त्याच्यामागे कर्जाचा हप्ता आणि विजेचे बिल आले. मग मागणी असो वा नसो, खटका दाबावाच लागला. साखरेचेही तेच झाले. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचा. ज्वारीचा आणि करडईचा. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, पाणी आले, कारखाने उभे राहिले. कारखाना एकदा उभा राहिला की तो दर हंगामाला ऊस मागतो, आणि ज्या रानात पूर्वी शाळू डुलत असे तेथे ऊस उभा राहतो. हा चांगला की वाईट याचा निवाडा मी येथे करीत नाही. पोट आधी बांधले की मागाहून त्यात काय घालायचे हे पोटच ठरवते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. मोहोळ तालुक्यात त्याची शेती आहे. वादळात त्याचा एक कडुनिंब पडला होता आणि व्यापाऱ्याने सांगितलेला सरपणाचा भाव ऐकून त्याचा जीव कळवळला होता. त्याच्या वडिलांनी त्या झाडाखाली आयुष्याची शेवटची चार वर्षे बाजेवर काढली होती. तो म्हणाला, “गुरुजी, ते झाड मी भट्टीत जाऊ देणार नाही. पट्ट्याचे यंत्रच घेतो. बँक कर्ज द्यायला तयार आहे. घरचे काम होईल आणि पंचक्रोशीतले कामही मिळेल.”

मी त्याला म्हटले, “घे, पण आधी वही काढ.”

आम्ही त्याच्या शेतातील झाडे मोजली. पडलेला धरून कडुनिंब तीन, बाभळी अकरा, चिंच एक. बाभळीचा सरळ भाग प्रत्येकी सहा घनफूट धरला, कडुनिंबाचा पंचवीस, चिंचेचा तीस. एकूण सुमारे एकशे सत्तर घनफूट. पट्टा-यंत्र दिवसाला पंचेचाळीस घनफूट कापते असे धरले, तर चार दिवसांत त्याचे सारे शेत बोडके! पाचव्या दिवशी यंत्र काय खाणार? शेजाऱ्याचा बांध. आणि महिन्याचा हप्ता समोर असला म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावरील उभे झाडही वाळल्यासारखे दिसू लागते.

मग आम्ही दुसऱ्या पानावर त्या झाडांचे उभे असतानाचे उत्पन्न मांडले. चिंच दरवर्षी पैसे देते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, फांद्यांनी कुंपण होते. नांगर, कुळव आणि पाभर यांच्यासाठी बाभळीसारखे चिवट लाकूड दुसरे नाही. कडुनिंबाखाली उन्हाळ्यात जनावरे तगतात आणि लिंबोळ्यांचे खत होते. पंधरांपैकी चौदा झाडे उभीच राहण्यात घराचा लाभ होता. कापावयाचे होते ते एकच, आणि ते देवाने आधीच पाडले होते.

त्याने पट्टा-यंत्र घेतले नाही. साखळी-करवत चालवणारा आणि चौकट बाळगणारा माणूस त्याने तीन दिवसांसाठी बोलावला. पंचवीस घनफुटांपैकी चार-साडेचार घनफुटांचा भुसा झाला. तो कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरला. मला वाटते, एका झाडाच्या बाबतीत हे नुकसान सोसण्याजोगे आहे. कर्जाच्या एका हप्त्याहूनही ते लहान आहे. नऊ आणि अकरा यांतील फरक खरा आहे. पण तो फरक शेकडो ओंडक्यांवर साठत गेला तरच यंत्राची किंमत फेडतो.

मग पट्टा-यंत्र कोणी घ्यावे? ज्याच्यापाशी सतत आणि रीतसर मिळणारे लाकूड आहे त्याने. ज्यांनी सागाची, निलगिरीची किंवा तत्सम झाडांची लागवड कापण्यासाठीच केली आहे, अशा शेतकऱ्यांच्या मंडळीने. रस्त्यांची रुंदी वाढते तेव्हाही असे लाकूड मोठ्या प्रमाणावर पडते. आळंदीहून आणि देहूहून पंढरपुरास येणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. ज्या जुन्या झाडांच्या सावलीत वारकऱ्यांच्या पिढ्या विसावल्या, त्यांतील पुष्कळ झाडे अशा कामांत जातात. ती जाऊ नयेत हा पहिला पक्ष. परंतु जी गेलीच, त्यांच्या खोडांच्या शाळेतील बाकांसाठी आणि धर्मशाळांच्या दारांसाठी फळ्या व्हाव्यात, हा दुसरा पक्ष मला भट्टीपेक्षा सहस्रपट योग्य वाटतो. तेथे पट्टा-यंत्र शोभते. पाच-दहा गावांच्या सोसायटीने परवान्यासह ते घ्यावे, एका जाणत्या माणसाच्या ताब्यात द्यावे आणि भाड्याने फिरवावे. सहकार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पोट मोठे असले तर ते दहा घरांनी मिळून भरावे. एका घराने भरू नये.

परवान्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. कायद्याची बाजू सोडून या विषयावर बोलणे बेजबाबदारपणाचे होईल. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी यादीतील झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांच्या हद्दीत १९७५ चा निराळा अधिनियम लागू आहे; २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या झाडांना त्यात वारसा वृक्षांचा विशेष दर्जा मिळाला. लाकूड वाहून नेण्यासाठी वन खात्याचा पास लागू शकतो. कापण्याच्या गिरण्यांविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ पासून वेळोवेळी आदेश देऊन कडक बंधने घातली, आणि त्यांना अनुसरून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. यंत्राला चाके आहेत म्हणून ते गिरणी नव्हे, असा युक्तिवाद विक्रेता करील. त्याच्या शब्दावर विसंबू नये. यंत्राचा आगाऊ रुपया देण्यापूर्वी वन खात्याच्या विभागीय कचेरीत लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर घ्यावे. साखळी-करवत घरी असली तरी ज्या झाडावर ती चालवावयाची ते कोणत्या यादीत आहे, हे तलाठ्याकडे आणि वनरक्षकाकडे विचारूनच पुढे जावे.

आता समजा, फळ्या निघाल्या. येथे घाई केली तर दोन्ही यंत्रांचे श्रम फुकट जातात. ओली फळी भिंतीला तिरपी टेकवून ठेवली की ती पापडासारखी वाकते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून हातभर उंच अशी सपाट बैठक करावी. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक येतील अशा, ठेवाव्यात. फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण लावावे, म्हणजे टोके तडकत नाहीत. आणि वर दगडांचे वजन द्यावे. इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष, असा ढोबळ नियम आहे. बाभळीचा ओंडका कापण्यापूर्वी काही महिने पाण्यात मुरवण्याची आपल्या सुतारांची रीत आहे. त्याने कीड लागण्याचे भय कमी होते. चिंचेचा काळा गाभा अतिशय कठीण. त्यासाठी करवतीला वारंवार धार लावण्याची तयारी ठेवावी. कडुनिंबाचे लाकूड तर इतके पूज्य मानले गेले आहे की पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती त्याच लाकडाच्या घडवतात. २०१५ साली त्या नव्याने घडवल्या गेल्या. तेच लाकूड आपण वीटभट्टीत घालतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या फळ्या अद्याप गोठ्यामागे थप्पी लावून वाळत आहेत. त्यांचे काय करायचे यावर त्याच्या घरात मतभेद आहेत, असे तो सांगतो. धाकट्या भावाला दारांची चौकट हवी आहे. आईने मात्र एक बाज आणि देवघराची फळी एवढेच मागितले आहे. माझा अंदाज आहे की आईचे म्हणणे आधी पुरे होईल आणि चौकटीलाही लाकूड उरेल.

तर श्रोतेहो, सारांश असा. एक झाड किंवा दोन-चार झाडे असतील, ओंडका मोठा आणि वाकडा असेल, जागा अडचणीची असेल, तर साखळीची चौकट. आणि तीही स्वतः विकत घेण्यापेक्षा सराईत माणसाकडून चालवून घ्यावी. कापण्यासाठीच लावलेले, वर्षानुवर्षे पुरेल इतके लाकूड असेल, परवाना असेल आणि दहा घरे एकत्र असतील, तर पट्टा-यंत्र. यांपैकी काहीच निश्चित नसेल, तर एका रविवारी गावी जावे, वही-पेन्सिल घ्यावी आणि आपल्या बांधावरची झाडे मोजावीत. पुष्कळांना आपल्या शेतात झाडे किती, हेच ठाऊक नसते. मोजताना जेथे मोकळी जागा आढळेल तेथे खूण करावी. पहिला पाऊस पडला की त्या खुणेवर कडुनिंबाचे किंवा चिंचेचे एक रोप लावता येते. त्याच्या फळ्या आपल्याला मिळणार नाहीत. आपल्या नातवंडांना मिळतील, आणि तोवर सावली सर्वांची.